एका गल्लीतल्या दोन फाइली

आमच्या करमाळा तालुक्यात माणूस गेल्याचं कळलं की पहिलं विचारतात, "कशानं गेला?" वयानं किंवा दुखण्यानं गेला असेल तर विषय तिथंच मिटतो. पण मरण सरकारी असेल तर लगेच दुसरा प्रश्न येतो, "किती बसतील?" सरकारी मरण हा आमच्या पारावरचा शब्द आहे. ज्या मरणाला सरकार पैसे देतं ते सरकारी. पारावरच्या कुणालाही उठवून विचारा, दर तोंडपाठ असतात. वीज पडली तर चार लाख. शेतकरी साप चावून गेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाख. २०२० च्या डिसेंबरात आमच्या तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा बिबट्याचाही दर सगळ्यांना कळला. पुढं तो पंचवीस लाखांवर गेला. शेतकऱ्यानं औषध पिलं तर एक लाख, तोही पात्र ठरला तर. आणि अतिरेक्याच्या गोळीनं गेला तर? त्याला एक दर नाही. कुठं मेला, कुठल्या साली मेला आणि त्या दिवशी टीव्हीवर काय चाललं होतं, यावर ते अवलंबून.

शहरातल्या वाचकाला हे बोलणं दगडाच्या काळजाचं वाटेल. मला वाटत नाही. आम्ही जन्मभर दुसऱ्यानं ठरवलेल्या भावात माल घालत आलो. कांद्याचा भाव दुसरा ठरवतो, उसाचा दुसरा ठरवतो. मग माणसाचा कोण ठरवतो, हे विचारायची सवय लागते.

हे सगळं मला पेपर वाचून कळलेलं नाही. आमच्या गल्लीत दोन घरं समोरासमोर आहेत. एक माझ्या चुलतभावाचं, दुसरं आमच्या भावकीतल्याच एका आक्काचं. दोन्ही घरांतला कर्ता पुरुष तीन महिन्यांच्या अंतरानं गेला. दोन्ही घरांच्या फाइली मीच लिहिल्या. दहावी शिकलेला आणि अक्षर बरं, म्हणून गल्लीतले अर्ज माझ्याकडंच येतात.

चुलतभाऊ मुंबईला मशीद बंदरात एका गोदामात हमाली करायचा. माझ्याहून दीड वर्षानं मोठा. २००८ च्या नोव्हेंबरात पोरीच्या सोयरिकीची बैठक ठरली होती. सत्तावीस तारखेला, गुरुवारी अमावस्या आली, म्हणून बैठक शुक्रवारी ठेवलेली. तो बुधवारी रात्रीच्या सोलापूर गाडीनं निघणार होता. जनरलच्या डब्यात बसायला जागा पाहिजे तर तास-दीड तास आधी जाऊन टेकावं लागतं. रिझर्वेशनवाला गाडी सुटायच्या वेळेला आला तरी चालतं. सीएसटीच्या त्या मोठ्या हॉलमध्ये रात्री दहाच्या सुमाराला पिशव्या उशाला घेऊन कोण बसलेलं असतं, हे ज्यानं जनरलनं प्रवास केलाय त्याला सांगायला नको. पन्नासावर माणसं त्या स्टेशनात गेली. बहुतेक आमच्यासारखीच.

तीन दिवस टीव्हीवर ताज हॉटेल जळताना दिसत होतं. आम्ही गावात त्याच टीव्हीत स्टेशन शोधत होतो. ते मधूनमधून दाखवायचे. शेवटी गोदामातल्या एका हमालानं जे. जे. ला जाऊन ओळख पटवली.

मग मदत जाहीर झाली. राज्य सरकारचे पाच लाख. केंद्राची एक योजना त्याच वर्षी १ एप्रिलपासून लागू झालेली होती, अतिरेकी हल्ल्यात गेलेल्या नागरिकाच्या घराला तीन लाखांची. तारीख बघा. म्हंजे ११ जुलै २००६ ला लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, ती या योजनेत बसत नव्हती. त्यांचा दोष एवढाच की दोन वर्षं आधी मेली.

तिसरा पैसा रेल्वेचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, गोदामाच्या शेठच्या ओळखीच्या एका वकिलानं सांगितलं. रेल्वे कायद्यात कलम १२४-अ आहे. गाडीत किंवा स्टेशनच्या आवारात अतिरेकी कृत्यात प्रवासी मेला, तर चूक कुणाची हे न बघता रेल्वेनं भरपाई द्यायची. त्या वेळी चार लाख, आणि १ जानेवारी २०१७ पासून आठ. अर्ज रेल्वेच्या दावे न्यायाधिकरणात करायचा. पण तो माणूस प्रवासी होता हे दिसलं पाहिजे. म्हंजे तिकीट. प्लॅटफॉर्म तिकीटसुद्धा चालतं, पण काहीतरी पाहिजे. भावाचं तिकीट शर्टाच्या खिशात होतं आणि पोलिसांनी ते पंचनाम्यात लिहिलं होतं, म्हणून निभावलं. रक्तानं भिजलेला तो कागद चार लाखांचा झाला. पुढं २०१८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं ठरत नाही. दहा वर्षं आधी ते कुणी सांगितलं असतं, तर किती घरांची घालमेल वाचली असती.

त्याच रात्री त्याच टोळीनं दोन टॅक्सींत बॉम्ब ठेवले होते. एक विलेपार्ल्याला फुटला, एक वाडीबंदरला. वाडीबंदर आणि सीएसटीमध्ये अंतर ते किती? पण टॅक्सीत मेलेल्याला रेल्वेचा कायदा लागू नाही. मारणारे तेच, रात्र तीच, गेलेला कमावता बाप तसाच. चार लाखांचा फरक पडला तो जागेमुळं. मी कायदा केला असता तर असा केला नसता. पण कायदे करणारे जनरलच्या डब्यानं येत-जात नाहीत.

पैसे मिळायला कागद लागले त्याची यादी देत बसत नाही. एकच सांगतो. रेशनकार्डावर वहिनीचं नाव सासरचं आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. ही एकच बाई आहे हे सिद्ध करायला तिला एका कार्यालयात सहा खेटे घालावे लागले. मग तिथल्या साहेबांनी सांगितलं, मयताची आई हयात आहे, तिचा ना-हरकत दाखला आणा. माझी चुलती तेव्हा सत्तरीची. तिला टेम्पोत घालून नेली. अंगठा उठवताना ती साहेबाला म्हणाली, "हरकत कशाला घिऊ? हरकत घ्यायची हुती तवा मला कुणी इचारलं न्हाई." साहेब खाली बघून शिक्के मारत राहिला.

चुलती आणि वहिनीत पैशावरून भांडण झालं नाही. पुष्कळ घरांत झालं असं ऐकलंय. बायकोचं नाव चेकवर आलं की सासू-सासऱ्यांना वाटतं, ही उद्या माहेरी जाईल. आणि सासऱ्याच्या नावावर आलं तर बाईला त्याच घरात हात पसरावा लागतो. केंद्राच्या योजनेत एक गोष्ट मला बरी वाटली. तीन लाख हातात देत नव्हते, वारसाच्या नावानं बँकेत ठेव ठेवायची, तीन वर्षं हात लावायचा नाही, दर तीन महिन्यांनी व्याज खात्यावर. ज्यानं हा नियम केला त्याला घर कसं चालतं ते माहीत असावं.

कारण हातात आलेले पाच लाख कसे गेले ते मी बघितलंय. पोरीचं लग्न मोडू द्यायचं नव्हतं, वर्ष उलटायच्या आत केलं, त्यात पावणेदोन लाख. भाऊ जिवंत असता तर लाखाच्या आत केलं असतं; पण पाव्हण्यांनी पेपर वाचला होता. बोअर पाडलं, तीनशे वीस फूट गेलं, नुसता फुफाटा आला, नव्वद हजार. चुलतीचं मोतीबिंदूचं आणि मग मांडीच्या हाडाचं ऑपरेशन. उसनवारी मागणाऱ्यांची रांग लागायची ती वेगळी. कुणी म्हैस घ्यायला मागे, कुणी पोराला नोकरी लावायला. नाही म्हटलं की बाहेर जाऊन म्हणायचे, "बॉम्बाच्या पैशाचा माज आलाय." एकदा तर एक जण माझ्यासमोर बोलला, "भाऊ गेला पण घराला लॉटरी लागली." मी त्या माणसाच्या ओट्यावर पुन्हा चढलो नाही.

त्या पैशातून वहिनीनं एक काम गुपचूप केलं. चार तोळे सोनं घेतलं. २००९ साली तोळा पंधरा हजारांच्या आसपास होता. गावाला कळलं तेव्हा बायका म्हणाल्या, नवरा मेला आणि ही सोनं करती. ते सोनं तिनं अंगावर कधी घातलं नाही. डब्यात आहे. पाच लाखांतलं आज जे काही शिल्लक आहे ते तेवढंच.

आता समोरचं घर.

आक्काचा मालक २००९ च्या फेब्रुवारीत गेला. रानातच, फवारणीचं औषध पिऊन. तीन एकर, तेही बापाच्या नावावर. सोसायटीची थकबाकी होती म्हणून नवं कर्ज मिळालं नाही, मग गावातल्याच एका सावकाराकडून उचल. त्या वर्षी तूर अळीनं खाल्ली. शासनाचा २००६ चा नियम असा की कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं पाहिजे, नापिकीनं ते फिटत नव्हतं असं दिसलं पाहिजे आणि वसुलीचा तगादा पाहिजे. मग एक लाख. त्यातले तीस हजार रोख आणि सत्तर हजारांची ठेव. आमचा सावकार बिनपरवान्याचा. तो कशाला कागद देईल? सोसायटीचं कर्ज सासऱ्याच्या नावावर. तगादा झाला तो तोंडी. प्रकरण समितीपुढं गेलं आणि एका ओळीचं पत्र आलं: अपात्र. मी ते पत्र आक्काला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "कोण अपात्र? मी का त्ये?" मी म्हणालो, प्रकरण. ती म्हणाली, "परकरण म्हंजे त्येच की."

तेव्हापासून चार-पाच वर्षं दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. भांडण नव्हतं. आक्का समोरच्या दारात पाऊल टाकेना, एवढंच. हळदी-कुंकवाला दोघींनाही बोलावणं नसायचं. तसं बघितलं तर दोघी एका नावेत. पण मधून आठ लाख वाहत होते. एकदा मळणीच्या वेळी आक्कानं मलाच धरलं. "भाऊ, तुमी दोन्ही कागदं लिवली. तिच्या मालकाचं आठ लाख आन् माझ्याचं शून्य, ह्येचं गणित काय ते मला सांगा."

मी सांगायचा प्रयत्न केला. म्हणालो, अतिरेक्याला माझ्या भावाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. त्याला देशाला गोळी घालायची होती, भाऊ मधे आला. देशाची गोळी त्यानं खाल्ली, म्हणून देश देणं लागतो. हे मी आजही मानतो. सरकार याला सानुग्रह मदत म्हणतं, म्हंजे कृपा करून दिलेली. मला तो शब्दच खटकतो. ते देणं आहे, आणि देणं असेल तर ते आधी ठरलेलं पाहिजे, सगळ्यांना सारखं पाहिजे. गणवेशातल्यांची गोष्ट वेगळी. तुकाराम ओंबळे साताऱ्याच्या केडंब्याचे, हातात नुसती काठी असताना त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली. त्यांना अशोकचक्र मिळालं, ते कुणाच्या हिशेबात बसवायचं नाही. पण नुसतं गाडीची वाट बघत बसलेल्या माणसांत डावं-उजवं कशाला?

आक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आन् तुरीचा भाव काय पाकिस्तानानं ठरिवला हुता का?"

याच्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी काही आत्महत्या आणि अतिरेकी हल्ला एकाच मापानं मोजा असं म्हणणारा नाही. तसं केलं तर मरणाला बक्षीस लावल्यासारखं होईल, हे मला कळतं. पण दोन्ही घरांत चूल एकच मापाची होती.

बोलणं पुन्हा सुरू झालं ते चुलती गेल्यावर. आक्का दहा दिवस आमच्या घरी राबली. नंतर आक्काच्या पोरीच्या बारावीला फी भरायची होती, तेव्हा वहिनीनं चार तोळ्यांतलं एक बँकेत गहाण ठेवलं आणि पैसे दिले. पोरगी नर्सिंगला गेली, पगारातून तिनं ते सोडवून आणलं. याची चर्चा गावात झाली नाही, कारण दोघींनी होऊ दिली नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम झालं. २२ तारखेला सव्वीस माणसं मारली, त्यांतली सहा आपल्या महाराष्ट्रातली. जम्मू-काश्मीर सरकारनं दहा लाख जाहीर केले. आठवड्याभरात आपल्या मंत्रिमंडळानं त्या सहा घरांना पन्नास-पन्नास लाख आणि वारसाला नोकरी जाहीर केली. मला त्या घरांना मिळाल्याचं दुःख नाही. उलट नोकरीचं ऐकून वाटलं, आता कुठं सरकारला कळलं. आमच्या भावाचा पोरगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आज तिशी ओलांडली, चाकणला कंपनीत आहे, दर अकरा महिन्यांनी ब्रेक. पाच लाखांपेक्षा एक शिपायाची जागा घराला जास्त उपयोगी पडली असती.

पण पारावर दुसराच विषय निघाला. पन्नास कुठं आणि पाच कुठं! गावातला एक पुढारी, जो नुकताच एका पक्षातून दुसऱ्यात गेला होता, घरी आला आणि वहिनीला म्हणाला, "ताई, तुम्ही फरक मागा. मास्तर लोकांना वेतन आयोगाचा फरक मिळतो की नाही? तसा. मी निवेदन तयार करतो, आपण फोटो काढू."

वहिनी आणि आक्का पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. वहिनीनं त्याला चहा दिला. मग मला म्हणाली, "भावजी, त्या साली तोळा कितीचा हुता?"

मी म्हणालो, नोव्हेंबरात बारा-साडेबारा हजार. त्याच आठवड्यात सोन्यानं लाखाला हात लावल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं. वहिनीची बोटं हलली. शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई. "म्हंजे मला चाळीस तोळं मिळालं हुतं. ह्यास्नी पन्नास मिळालं. धा तोळ्याचा फरक. त्यासाठी कशाला फोटू काढू?"

आम्ही गप्पच झालो. सतरा वर्षं पाच-पन्नास, पाच-पन्नास ऐकून मलाही हा हिशेब सुचला नव्हता. मग मी वहीच काढली. केंद्राचे तीन लाख २००८ साली चोवीस तोळे होते. २०१६ ला त्याचे पाच लाख केले, ते एप्रिलच्या भावानं पाच तोळे. आणि त्याच २००८ सालच्या सप्टेंबरात मालेगावला स्फोट झाला, सहा माणसं गेली. मुंबईच्या दोन महिने आधी. त्या खटल्याचा निकाल ३१ जुलै २०२५ ला लागला, सगळे आरोपी सुटले आणि कोर्टानं मृतांच्या घरच्यांना दोन-दोन लाख द्यायला सांगितलं. वहीत तो आकडा मी नंतर लिहिला. दोन तोळेही होत नाहीत.

त्या दिवशी पडवीत शेवटी आक्का बोलली. "आमचा लाख घाला की तुमच्या वहीत."

घातला. नियम निघाला तेव्हा, २००६ च्या सुरुवातीला, तोळा आठ-साडेआठ हजारांचा. म्हंजे बारा तोळे. वीस वर्षं होत आली तरी लाखाचा लाखच आहे.

"बगा," आक्का म्हणाली, "माझ्या मालकाचं तवा बारा तोळं हुतं. आता एक ऱ्हायलं. आन् त्ये बी दिलं न्हाई." आणि ती हसली. वहिनीही हसली. पुढाऱ्यानं कप खाली ठेवला.

निवेदन शेवटी निघालं, पण वेगळं. वहिनीनं मला सांगितलं ते असं: अतिरेकी हल्ल्यातल्या घरांना किती द्यायचे ते एकदाच कायद्यानं ठरवा, मंत्र्याच्या तोंडातून येऊ देऊ नका, आणि नोकरदाराला महागाई भत्ता वाढतो तशी ही रक्कम भावाबरोबर वाढवा. मी माझ्याकडून एक भर घातली, की स्टेशनात, टॅक्सीत, बाजारात किंवा मशिदीसमोर, जागा कुठलीही असो, रक्कम एक असावी. पुढारी म्हणाला, यात आपली मागणी कुठाय? वहिनी म्हणाली, आमचं भागलं.

मग तिनं दुसरा कागद घ्यायला लावला. आक्काच्या प्रकरणाचा फेरविचार करावा म्हणून. मी म्हटलं, वहिनी, सोळा वर्षं झाली, आता कोण बघतंय. ती म्हणाली, "तुमी लिवा."

दोघी आणि मी एसटीनं गेलो. त्या कार्यालयातला क्लार्क नवा पोरगा होता, बोलायला नीट. २००९ ची फाइल रेकॉर्ड रूममध्ये असेल, पावसात काही गठ्ठे भिजलेत, शोधावं लागेल, म्हणाला. त्यानं अर्जावर शिक्का मारला आणि आवक क्रमांक टाकून पोच दिली. आक्का पोच उलटी-सुलटी करून बघत राहिली. वहिनीनं तिच्या हातातून ती घेतली, आपल्या पिशवीत भावाच्या कागदांची प्लास्टिकची फाइल होती तिच्यात घातली आणि म्हणाली, "चला, साडेतीनची गाडी हाय."

दिवाळीनंतर दोनदा जाऊन आलो. गठ्ठे अजून काढतायत.